लांबून काढलेले फोटो

भटवाडी, घाटकोपर
१२ जानेवारी १९८६

चि. धाकू यास रामनाथचे आशीर्वाद.

सहदेवला जाऊन परवा दोन महिने झाले. बारावं, तेरावं सगळं नीट पार पडलं. तुला तार केली होती. तू आला नाहीस. काकीची तब्येत, भातकापणी, काहीही कारण असेल असं धरून मी गप्प राहिलो.

गेल्या आठवड्यात धोंडू गावाहून आला. बोलता बोलता म्हणाला, सुतकाच्या चौथ्या दिवशी तू अंगणात बसून बांगडे भाजून खाल्लेस. कुणी टोकलं तेव्हा म्हणालास, "माझं कोण गेलं? मी कसलं सुतक पाळू?" तुझी वहिनी सुगंधा म्हणते, धोंडूभावजी तिखटमीठ लावून सांगतात, मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलेलं नाही, पण विचारल्याशिवाय राहवतही नाही.

सहदेव माझा धाकटा भाऊ, तुझा सख्खा चुलतभाऊ. तुम्ही दोघे एका वयाचे, एका मिलमध्ये कामाला. तू विणकामाच्या साच्यावर, तो टाइम ऑफिसात कारकून. आपल्या चाळीत शेजारी-शेजारी खोल्यांत तेरा वर्षं राहिलात. तुमच्यात काही झालं असेल तर मला माहीत नाही. त्यानं मला कधी सांगितलं नाही.

त्याच्या मागे बायकोमुलं नाहीत. लग्नाचं काढलं की तो नवीन लेन्स दाखवायचा. कपडे वाटून टाकले. राहिले ते कॅमेरे. त्यातला एक आठवण म्हणून तुला द्यावा असं माझ्या मनात आहे. कोणता हवा ते कळव. काकीला नमस्कार.

तुझा
रामनाथ


मुणगे, ता. देवगड
२५ जानेवारी १९८६

रामदादा,

तुझं पत्र मिळालं. दोन दिवस पाकीट हातात घेऊन नुसता बघत बसलो होतो, मग फोडलं.

धोंडूनं तिखटमीठ लावलेलं नाही. चार बांगडे खाल्ले. पाचवा मांजरानं नेला.

आता विचारलंसच तर सांगतो. मिलच्या संपानंतर माझी नोकरी कशी गेली, तुला काय वाटतं? हजारोंच्या गेल्या तशी गेली असंच ना? तशी नाही गेली. जानेवारी त्र्याऐंशीत मला चौकशीला बोलावलं. टेबलाच्या पलीकडे तिघं बसले होते. एकानं फाइलीतून माझा फोटो काढून पुढे ठेवला. गेटवर हातगाडीवर चढून मी हात वर करून ओरडतोय. म्हणाले, कामावर जाणाऱ्यांना तू धमकावलंस, हा पुरावा. माझ्याबरोबरचे साच्यावरचे सातजण परत आत गेले. मी नाही गेलो. फोटो माझाच होता ना.

तो फोटो कुणी काढला हे मला कुणी सांगावं लागत नाही. संपात आम्ही गेटबाहेर, सहदेव गेटच्या आत. वर टाइम ऑफिसच्या गॅलरीत ती लांबडी लेन्स लावून उभा असायचा. मी खालून हात पण केला होता त्याला. येडा मी.

त्याचे कॅमेरे मला सगळे माहीत आहेत. पहिला तो आगफाचा डबा. तेव्हा समोर उभं करून "हसा" म्हणायचा. मग कुठल्या लग्नवाल्या फोटोग्राफरकडून दोन डोळ्यांचा याशिका आणला. त्यात खाली मान घालून बघायचं असतं, म्हणजे समोरच्याला वाटतं हा आपल्या बुटांकडे बघतोय. मग रशियन झेनिट. त्यावर एकशे पस्तीसची लेन्स, रस्त्याच्या पलीकडून. आणि संपात दोनशेची, तिसऱ्या मजल्यावरून. रामदादा, माणूस सरळ असेल तर जवळ येतो. हा दर कॅमेऱ्याला एक पाऊल लांब गेला. कशासाठी, ते मला त्या टेबलावर कळलं.

कॅमेरा मला नको. विहिरीत टाक.

धाकू


घाटकोपर
९ फेब्रुवारी १९८६

चि. धाकू यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस ऑफिसात कामात लक्ष लागलं नाही. हे मला खरोखर माहीत नव्हतं. तू त्र्याऐंशीत खोली सोडून गावी गेलास तेव्हा एवढंच म्हणालास की मुंबईत राम राहिला नाही. मी ते खरं धरलं.

भाऊ असं करणार नाही असं लगेच लिहिणार होतो. लिहून पाकीटही तयार केलं. मग वाटलं, न बघता कसं सांगू? म्हणून रविवारी त्याची ट्रंक उघडली. तो असेपर्यंत मी तिला कधी हात लावला नव्हता.

जे आहे ते लिहितो. तुझ्यापासून लपवणार नाही.

ट्रंकेत कॅमेऱ्यांखाली खाकी पाकिटं आहेत. त्रेसष्ट. प्रत्येकावर एकेकाचं नाव, खाली तारीख आणि जागा. आत एक निगेटिव्ह आणि एक फोटो. सगळे फोटो लांबून काढलेले, त्या माणसाला न कळता. कुणी नळावर, कुणी देवळाच्या पायरीवर, कुणी दारात बसून तांदूळ निवडतंय. एकानंही कॅमेऱ्याकडे बघितलेलं नाही. बहुतेक म्हातारी माणसं. आपल्या चाळीतली, असल्फ्याची, मिलमधली, थोडी गावची.

काही पाकिटांच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची खूण आहे. एकोणीस पाकिटांवर. सुगंधा आणि मी नावं वाचत गेलो. सातव्या नावाला ती थांबली. म्हणाली, "अहो, हे सगळे गेलेले आहेत." मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. लाल खूण असलेल्यांपैकी आज एकही हयात नाही. सुगंधानं पाकिटं खाली ठेवली आणि हात धुऊन आली.

तुझ्या नावाचंही पाकीट आहे. "धाकू, गेटवर. चांगला आला आहे." आत निगेटिव्ह आहे. फोटो नाही. बाकी कुठल्याही पाकिटातला फोटो गेलेला नाही.

आणि ती दोनशेची लेन्स. संपात टाइम ऑफिसवाल्यांना पगारही वेळेवर नव्हता. त्यात ही परदेशी वस्तू त्याच्याकडे कुठून आली, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारायला तो नाही.

मी अजून काही ठरवलेलं नाही. चौकशीत दाखवलेला फोटो कसा होता, ते नीट आठवून लिही. अंगावर काय होतं, कागद कसा, मागेपुढे काही होतं का.

तुझा
रामनाथ


मुणगे
२० फेब्रुवारी १९८६

रामदादा,

मेलेल्यांच्या नावावर लाल खुणा? वाट लागली. हे तर मला पण झेपलं नाही. मिलवाल्यांना म्हातारे कशाला लागतील? पोलिसांना लागत असतील तर तूच शोध, तू सरकारी पाणीखात्यात आहेस.

फोटो विचारतोस. पोस्टकार्डाएवढा होता. चौकटीचा शर्ट, बाह्या वर, तोंड उघडं. मागचं सगळं धूसर आणि मी तेवढा स्पष्ट, अगदी दात मोजून घ्यावेत असा. त्या बाबूनं तो उलटा करून वाचला. मागे शाईनं माझं नाव होतं, आडनावासकट, आणि मिलमधला तिकीट नंबर, साचा खातं. व्यवस्थित, रेघ मारून लिहिल्यासारखं. ते अक्षर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आता सांग. तुझ्या घरातल्या पाकिटातला फोटो मिलच्या फाइलीत चालत गेला काय?

धाकू


घाटकोपर
२२ मार्च १९८६

चि. धाकू यास आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला. मार्चअखेरीची कामं असतात.

लेन्सचा पत्ता लागला. तिच्या खोक्याच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली होती, "श्यामसुंदर, वाकोला" आणि चाळीचं नाव. मी रविवारी गेलो. जाताना माझ्या मनात काय होतं ते सांगतो. हा मिलचा कुणी माणूस निघाला तर सगळ्या पाकिटांची होळी करायची आणि तुला तसं कळवायचं.

श्यामसुंदर मस्कतला वीजमिस्त्री होता, आता इथे दुकान आहे. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून उभा राहिला. त्याला सहदेव गेल्याचं माहीत नव्हतं. त्यानं आत नेऊन भिंतीवरचा एक मोठा फोटो दाखवला. म्हातारा माणूस, मांडीवर छत्री उघडी, काडी दुरुस्त करतोय. म्हणाला, "हे माझे वडील. भटवाडीत तुमच्या मागच्या चाळीत राहायचे." तू ओळखशील, छत्रीवाले आजोबा.

ते एक्याऐंशीत गेले तेव्हा श्यामसुंदर मस्कतला होता. येता आलं नाही. वडिलांचा एकही फोटो घरात नव्हता. महिन्यानं त्याला तिकडे टपालानं हा फोटो आला. सोबत चिठ्ठी, "मार्चमध्ये काढला होता. त्यांना ठाऊक नाही. आता तुम्ही ठेवा." पुढच्या वर्षी तो सुट्टीवर आला तेव्हा त्यानं सहदेवला शोधून काढलं आणि विचारलं, काय देऊ? सहदेव नको नको म्हणाला. शेवटी म्हणाला, "माझ्या झेनिटला बसेल अशी जुनी लेन्स तिकडे मिळते का बघा. दोनशेची. एकशे पस्तीसनं म्हाताऱ्यांना कळतं हो." परत गेल्यावर त्यानं ती लगेच पाठवली.

मग मी लाल खुणांचं विचारलं. तो म्हणाला, खूण म्हणजे फोटो घरी पोचवला. माणूस गेल्यावर घरच्यांना मोठा करून द्यायचा आणि पाकिटावर खूण करायची.

तुला आपल्याकडची रीत माहीत आहे. म्हातारी माणसं एकट्याचा फोटो काढू देत नाहीत. एकट्याचा काढला की वरून बोलावणं येतं म्हणतात. मग माणूस गेला की धावाधाव, लग्नातल्या ग्रुप फोटोतून डोकं कापून स्टुडिओवाल्याला द्यायचं. तुझ्या वडिलांचाच फोटो आठव. ज्या लग्नाच्या फोटोतून त्यांना कापलं तिथे शेजारच्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. स्टुडिओवाल्यानं त्या हाताचं उपरणं केलं, पण दोन बोटं राहिली. काकांनी आयुष्यात कधी कोट घातला नाही, तोही त्यानं रंगवून चढवला. श्यामसुंदर म्हणाला, सहदेव त्याला हे सांगून म्हणाला होता, "काकांचा फोटो बघितला की मला त्या दोन बोटांचीच आठवण राहते. काकांचा चेहरा जातो."

म्हणून तो लांब लांब गेला. एवढंच होतं.

पाकिटांत काकीचंही एक आहे. आपल्या गावच्या मागीलदारी, ऐंशीच्या मे महिन्यातलं. खूण अर्थातच नाही. हे तुला कळवावं की नाही याचा मी विचार केला.

तुझ्या फोटोबद्दल मला काही सांगता येत नाही.

तुझा
रामनाथ


मुणगे
२ एप्रिल १९८६

रामदादा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून ओटीवर गेलो आणि बाबांचा फोटो बघितला. खरंच रे, दोन बोटं आहेत. इतकी वर्षं रोज हार बदलतो, मला कधी दिसली नाहीत. आता दुसरं काही दिसत नाही. झकास काम करून ठेवलंस.

आईला तिच्या फोटोचं सांगितलं. मला वाटलं घाबरेल. ती म्हणाली, "माझो फोटो काडल्यान? आणि माका कळाक नाय? लुगडा खंयचा होता ता इचार." म्हणून विचारतो. पण फोटो पाठवू नको. तिथेच असू दे.

आता दुसऱ्यांदा वाचून जे दिसलं ते सांगतो. तू चार पानं लिहिलीस. वाकोला, मस्कत, छत्री, सगळं आलं. माझ्या फोटोवर एक ओळ, ती पण शेवटी, सही करायच्या आधी. तू ऑफिसात पण असंच करतोस काय? लोकांच्या तक्रारीला सगळं लिहायचं आणि पाणी कधी येणार तेवढं गाळायचं?

"सांगता येत नाही" म्हणजे काय? माहीत नाही, की सांगायचं नाही? आधीच्या पत्रात लपवणार नाही म्हणाला होतास.

सहदेवनं फोटो काढला हे खरंच ना? म्हाताऱ्यांचे चांगल्यासाठी काढत होता, मान्य. पण मी म्हातारा नव्हतो. माझा कुठल्या भिंतीसाठी काढला? आणि तो घरातून गेला कसा? इथे सगळी वाडी सहदेवला "मिलवाल्यांचो माणूस" म्हणते. मीच तसं सांगितलंय, तीन वर्षं, प्रत्येकाला. रामनवमीला देवळात पुन्हा विषय निघणार. मी काय सांगू ते तू कळव. नाही कळवलंस तर जे आजवर सांगतो तेच सांगेन.

धाकू


घाटकोपर
४ मे १९८६

चि. धाकू यास आशीर्वाद.

रामनवमी होऊन गेली. तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही. मी वेळेत उत्तर दिलं नाही, हा माझा दोष.

काकीला सांग, फोटो काळापांढरा आहे, रंग कळत नाही. पण काठ रुंद आहे आणि तिनं पदर खोचलेला आहे. सुगंधा म्हणते ते बेळगावचं असावं. काकी फणसाचे गरे काढते आहे आणि कुणाला तरी रागावते आहे.

आता तुझा प्रश्न.

फोटो मी दिला.

तुझ्या फेब्रुवारीतल्या पत्रात "मागे नाव आणि तिकीट नंबर" असं वाचलं तेव्हाच मला आठवलं. त्याआधी खरोखर आठवलं नव्हतं. यावर तुझा विश्वास बसावा असा माझ्याकडे पुरावा नाही.

ब्याऐंशीचा ऑगस्ट. तू गणपतीसाठी लवकर गावी गेला होतास. सहदेव कामावर होता. दुपारी एक माणूस आला. बारीक मिशी, हातात रेक्झिनची पिशवी, प्रत्येक वाक्यानंतर "काय समजलात?" म्हणायचा. म्हणाला, संपकऱ्यांच्या समितीतून आलो आहे. गावोगावहून धान्य येतं आहे, वाटपासाठी कार्डं करायची आहेत, प्रत्येकाचा एक फोटो लागतो. धाकू गावाला आहे, त्याचं कार्ड राहून जाईल, तुमच्याकडे त्याचा एखादा फोटो असेल तर बरं, काय समजलात?

त्याच्या हातात यादी होती. यादीत तुझं नाव होतं, नंबरही. मला वाटलं, तू नाहीस म्हणून तुझ्या घरचं धान्य जायला नको. सहदेवच्या टेबलावर नवीन धुतलेल्या फोटोंचा बिस्किटाचा डबा होता. त्यात तुझे तीन फोटो होते. दोहोंत तू इतरांबरोबर होतास. तिसऱ्यात एकटा, आणि चेहरा अगदी स्पष्ट. कार्डाला चेहरा स्पष्ट लागतो. म्हणून तोच दिला.

तो म्हणाला, काका, मागे नाव लिहा, माझं अक्षर गिचमिड आहे. त्यानं नंबर वाचला आणि मी लिहिलं. आमच्या ऑफिसात कागदावर नाव-नंबर नसेल तर तो हरवतो. तुझा हरवू नये म्हणून नीट लिहिलं. खाली रेघही मारली.

तू हात वर करून काय करत होतास, ते मी बघितलंच नाही. मी फक्त चेहरा बघितला.

हे एवढंच असतं तर मी फेब्रुवारीतच लिहिलं असतं. पुढचं आहे ते लिहायला वेळ लागला.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत एक दिवस सहदेव कामावरून आला. चहा पीत होता. मला म्हणाला, "दादा, डब्यातला धाकूचा फोटो कुणाला दिलास का?" मी म्हटलं, "हो, गणपतीच्या आधी. समितीचा माणूस आला होता, धान्यकार्डासाठी." त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं." उरलेला चहा प्यायला. कपबशी स्वतः विसळली. मोरीतून आला आणि म्हणाला, "धाकूला कार्डाचं काही विचारू नको. ती कार्डं झालीच नाहीत. उगाच त्याला वाईट वाटेल."

मी विचारलं नाही. त्यानंतर त्यानं कॅमेरा टॉवेलमध्ये गुंडाळून ट्रंकेत ठेवला. शेवटचं पाकीट डिसेंबर ब्याऐंशीचं आहे. मी एकदा म्हटलं, हल्ली फोटो काढत नाहीस? म्हणाला, डोळे दुखतात. मी डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता आणून दिला.

त्याला त्या दिवशी सगळं कळलं होतं. तू त्याला काय बोललास ते मला माहीत नाही, पण काहीतरी बोलला असशीलच. त्यानं ते ऐकून घेतलं आणि माझं नाव सांगितलं नाही. तुला नाही, आणि हे माझ्यामुळे झालं असं मलाही नाही.

मार्चमध्ये मला वाटलं, त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं आहे तर तसंच राहू द्यावं. तो गेला, त्याला आता काय फरक पडतो? मला अजून तुम्हा सगळ्यांत राहायचं आहे. असा विचार मी केला, दोन महिने केला.

तू म्हणतोस, म्हातारा नव्हतो तर माझा फोटो का काढला? मला वाटतं, चांगला दिसत होतास म्हणून. पाकिटावर त्यानं तेवढंच लिहिलं आहे.

रामनाथ


मुणगे
१५ मे १९८६

रामदादास, नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कौलं चाळत होतो. खाली उतरलो आणि शिडीवरच बसून वाचलं.

आधी माझं सांगतो. मी पण तुझ्यापासून लपवलं.

जानेवारीत तुझं पहिलं पत्र आलं. आपण एका चाळीत राहायचो, तू मला कधी पत्र लिहिलंच नव्हतंस. तुझं अक्षर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, पाकिटावर माझं नाव, खाली रेघ. टेबलावर उलटा केलेला फोटो समोर आला. तेच अक्षर. म्हणून दोन दिवस पाकीट फोडलं नाही.

मला वाटलं, तूच. मिलवाल्यांना तूच फितूर, आणि आता मेलेल्या भावाच्या नावानं कॅमेरा देऊन माझं तोंड बंद करतोस. मी ठरवलं, बोलायचं नाही. सहदेववर ढकलत राहायचं आणि बघायचं हा काय करतो. भावाला बुडू देतो की स्वतः पुढे येतो. तुझी प्रत्येक ओळ मी तशी वाचली. वाकोल्याचं पत्र आलं तेव्हा खात्रीच झाली. म्हटलं, हा भावाला पण सोडवणार आणि स्वतः पण सुटणार.

आता सांगतो की तुझ्यावर विश्वास का बसला. "काय समजलात?" चौकशीच्या दिवशी टेबलाच्या बाजूला एक बारीक मिशीवाला बसला होता. मध्येच मला म्हणाला, "तुम्ही माफी लिहून द्या, काय समजलात?" मी हे तुला कधी लिहिलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला ते दुसरीकडून कळणं शक्य नाही.

समितीच्या धान्याला फोटो-बिटो काही लागत नव्हता रे. रांगेत उभं राहायचं आणि पिशवी पुढे करायची. एका पोराला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. पण तू कुणाला विचारणारा माणूस नाहीस. कागद मागितला की कागद देणारा आहेस. माझा राग गेलेला नाही, हे पण लिहून ठेवतो.

सहदेवला मी काय बोललो ते विचारलं नाहीस, तरी सांगतो. गावी यायला निघालो तेव्हा तो एस.टी. स्टँडवर आला होता. हातात खाऊची पुडी. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "किती मिळाले रे माझे?" तो म्हणाला, "धाकू, गाडी सुटेल, बस." मी पुडी खिडकीतून बाहेर फेकली. गाडी निघाली तरी तो पुडी उचलत होता. फुटली होती, सांडलेलं गोळा करत होता. तुझं नाव घेतलं असतं तर मी गाडीतून उतरलो असतो. त्यानं नाही घेतलं.

आता असं. रामनवमीला मी देवळात काही बोललो नाही, तुझं उत्तर नव्हतं म्हणून. पण आधी तीन वर्षं जे बोललो ते सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. पत्रानं ते जाणार नाही. इथे पत्रं कोण वाचतो? तू ये. येत्या पंचवीस तारखेला भावकी देवळात बसणार आहे, कौलांच्या दुरुस्तीसाठी. सगळे असतील. तू उभा राहून सांग, फोटो कुणी दिला. नंतर मी उभा राहीन आणि सांगेन की सहदेवबद्दल जे बोललो ते खोटं होतं. दोघांनी बोलायला हवं. एकट्यानं बोललास तर म्हणतील, भावाला वाचवतोय. एकटा मी बोललो तर म्हणतील, रामदादानं पैसे पाठवले.

आईला सगळं सांगितलंय. संध्याकाळी म्हणाली, "रामाक सांग, हयसर येवक लाजा नको."

धाकू


घाटकोपर
१९ मे १९८६

चि. धाकू यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. पंचवीसला येतो. रजा मंजूर झाली आहे. शुक्रवारच्या गाडीनं निघून शनिवारी सकाळी पोचेन. सुगंधाही येते आहे. म्हणाली, तुम्ही मध्येच गप्प बसाल, कुणीतरी कोपर मारायला हवं.

मी नोकरीत एकतीस वर्षं काढली, पण चार माणसांपुढे उभं राहून कधी बोललो नाही. निरोप समारंभातही नाही. म्हणून काय बोलायचं ते लिहून काढायला बसलो. तीनदा लिहिलं. प्रत्येक वेळी आधी संप आला, मग तो रेक्झिनच्या पिशवीचा माणूस आला, धान्य आलं, आणि माझं काम शेवटी, सहीच्या आधी आलं. तू म्हणालास तसंच. ते कागद फाडले.

कागद आणणार नाही. पहिलं वाक्य पाठ केलं आहे, "फोटो मी दिला." पुढचं तिथे उभा राहिल्यावर सुचेल. नाही सुचलं तर तेवढंच बोलून उभा राहीन. तू लगेच उठू नकोस. लोकांना माझ्याकडे थोडा वेळ बघू दे.

रामनाथ